धातूच्या कडेवरील बर : उत्पत्ती, प्रतिबंध आणि निष्कासन

१. व्याख्या आणि व्याप्ती

धातूचा तुकडा कापला, छेदला किंवा घासला की त्याच्या कडेवर, रेखनाने ठरवलेल्या आकाराच्या बाहेर, धातूचा काही अंश शिल्लक राहतो. मूळ तुकड्याशी सलग असलेल्या या अनिष्ट शेषाला ‘बर’ म्हणतात. या व्याख्येचे तीन घटक आहेत आणि तिन्ही आवश्यक आहेत.

पहिला घटक सलगतेचा. जी चिप सुटून पडली ती बर नव्हे. दुसरा घटक उत्पत्तीचा. बर हा निर्मितीप्रक्रियेतून उद्भवतो. जॉब हातातून पडून कड ठेचली गेली, तर तो हाताळणीचा दोष होय. तिसरा घटक मर्यादेचा. बर हा अपेक्षित आकाराच्या बाहेर असतो. या तिसऱ्या घटकातून पुढील विवेचनाला आवश्यक असे एक अनुमान निघते : कडेचा अपेक्षित आकार रेखनात सांगितलेलाच नसेल, तर बर किती आहे आणि तो क्षम्य आहे की नाही, या दोन्ही प्रश्नांना उत्तर नसते.

ओतकामात व फोर्जिंगमध्ये साच्याच्या किंवा डायच्या सांध्यातून बाहेर येणारा फ्लॅश, तसेच लेसर व प्लाझ्मा कटिंगमध्ये खालच्या कडेला वितळून गोठणारा धातू, हे बाह्यतः बरसारखे दिसतात. परंतु त्यांची कारणे भिन्न आहेत. म्हणून प्रस्तुत विवेचन दोन क्रियांपुरते मर्यादित आहे : हत्याराने केलेले कर्तन आणि पंच-डायने केलेले छेदन.

२. बरची परिमाणे

बरचे वर्णन चार राशींनी पूर्ण होते : (१) उंची, म्हणजे कडेपासून टोकापर्यंतचे अंतर, (२) मुळाची जाडी, म्हणजे जेथे तो मूळ धातूला जोडलेला आहे तेथील रुंदी, (३) मुळाशी असलेल्या वळणाची त्रिज्या, (४) कठिणता.

व्यवहारात पहिलीच राशी मोजली जाते, कारण ती डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते. परंतु निष्कासनाचे कष्ट मुख्यतः दुसऱ्या राशीवर अवलंबून असतात. उंच पण पातळ मुळाचा बर ब्रशच्या एका फेऱ्यात तुटतो. ठेंगणा पण जाड मुळाचा बर कानशीलाही दाद देत नाही. चौथी राशी या अडचणीत भर घालते. बर म्हणजे पराकाष्ठेचे विरूपण सोसलेला धातू होय आणि विरूपणाने धातू कठीण होतो. त्यामुळे बर हा ज्या जॉबवर असतो त्याच्या मूळ धातूपेक्षा सामान्यतः अधिक कठीण असतो.

३. उत्पत्तीचे तत्त्व

हत्यार धातूत शिरते तेव्हा त्याच्यापुढील धातूला मागच्या धातूचा आधार असतो. या आधारामुळे धातू सरकू शकत नाही, त्याच्यात कर्तनप्रतल निर्माण होते आणि चिप सुटते. हत्यार कडेजवळ पोचते तेव्हा हा आधार क्रमाने कमी होतो. एका क्षणी अशी स्थिती येते की उरलेल्या धातूला कापण्यापेक्षा वाकवण्यास कमी बल लागते. त्या क्षणी कर्तन थांबते आणि वाकणे सुरू होते. वाकलेला अंश जॉबला चिकटून बाहेर झुकतो. हाच बर.

यावरून उत्पत्तीचे तत्त्व असे मांडता येते : बर हा निर्गमाच्या कडेवरील आधाराच्या अभावाचा परिणाम आहे. हत्यार ज्या कडेने आत शिरते ती प्रवेशकड आणि ज्या कडेने बाहेर पडते ती निर्गमकड, असे म्हटले तर निर्गमकडेवरील बर प्रवेशकडेवरील बरपेक्षा सामान्यतः मोठा का असतो, हे याच तत्त्वाने स्पष्ट होते.

तत्त्वाची परीक्षा एका उदाहरणावर करता येईल. सौम्य पोलादाच्या पट्टीत आरपार ड्रिल मारताना ड्रिलचे टोक खालच्या पृष्ठाजवळ आले की त्याच्याखाली धातूचा पातळ थर उरतो. ड्रिलचा अक्षीय दाब या थराच्या प्रतिकारापेक्षा अधिक झाला की थर कापला न जाता खाली फुगतो. यापुढे दोन शक्यता आहेत. थर परिघाशी फाटला, तर छिद्राभोवती सारख्या उंचीचे ठेंगणे कडे राहते आणि मधला भाग टोपीसारखा सुटतो. थर मध्यभागी फाटला, तर त्याच्या पाकळ्या बाहेर वळतात आणि छिद्राभोवती उंच, जाड, दातेरी मुकुट तयार होतो. फीड जास्त असेल किंवा ड्रिलची धार गेलेली असेल, तर अक्षीय दाब वाढतो, थर जाड असतानाच फुगतो आणि दुसरी शक्यता बळावते. ड्रिल तेच, धातू तोच. कडेवरचा परिणाम मात्र फीडने व धारेने बदलतो.

धातूचा स्वभावही याच तत्त्वात बसतो. वाकणे किती काळ चालेल हे तन्यतेवर अवलंबून आहे. सौम्य पोलाद, तांबे, शुद्ध अ‍ॅल्युमिनियम, ऑस्टेनिटिक स्टेनलेस पोलाद हे तन्य धातू न तुटता दूरवर वाकतात. त्यांचा बर मोठा असतो. करडे बीड ठिसूळ असते; ते वाकण्याऐवजी तुटते, म्हणून त्याच्या निर्गमकडेवर बरऐवजी कड ढासळण्याचा दोष येतो. शिसेयुक्त पितळ आणि गंधकयुक्त फ्री-कटिंग पोलाद या दोहोंच्या मधले. त्यांची चिप आखूड तुटते व बर लहान राहतो.

४. प्रकार

बरचे शास्त्रीय वर्गीकरण अमेरिकन अभियंता लारू गिलेस्पी याने ब्लॉटर या सहसंशोधकासह १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात निर्मितीच्या यंत्रणेनुसार चार प्रकार आहेत.

(अ) प्वासाँ बर. हत्याराच्या धारेखाली दाबला गेलेला धातू बाजूला फुगतो. धारेच्या दोन्ही अंगांना येणारा हा लहान बर.

(आ) वळलेला बर. निर्गमकडेवर चिप कापली न जाता वाकून राहते. वर वर्णिलेली यंत्रणा ती हीच. मिलिंग, ड्रिलिंग व टर्निंग यांतील बहुसंख्य उपद्रवी बर या प्रकारात मोडतात.

(इ) फाटलेला बर. धातू कापला न जाता फाटून अलग होतो. पत्र्याच्या पंचिंगमध्ये हा प्रकार मुख्य आहे.

(ई) तुटीचा बर. जॉब दांड्यापासून पूर्ण कापला जाण्यापूर्वीच स्वतःच्या वजनाने तुटतो आणि टोकाला बोंडी राहते. पार्टिंग व करवतीच्या कामात हा नेहमी दिसतो.

या चारांपैकी पहिला कोणत्याही कर्तनात अटळ आहे, परंतु तो सूक्ष्म असतो. उरलेले तीन प्रकार प्रक्रियेच्या नियोजनाने बदलता येतात. प्रतिबंधाचे क्षेत्र म्हणजे हे तीन प्रकार होत.

५. हानी

बर काढण्यास खर्च येतो. म्हणून तो का काढावा, हे आधी निश्चित केले पाहिजे. हानीचे पाच वर्ग करता येतात.

(१) शरीराची हानी : कामगाराच्या व वापरणाऱ्याच्या हाताला इजा.

(२) जुळणीची हानी : बर असलेला जॉब फिक्श्चरवर किंवा शेजारच्या भागावर पूर्ण टेकत नाही. पुढील ऑपरेशनचे माप त्यामुळे चुकते. मायक्रोमीटर धातूऐवजी बर मोजतो.

(३) कार्याची हानी. हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये स्पूल व बोअर यांच्यातील फट काही मायक्रोमीटरचीच असते. आडव्या छिद्राच्या मुखावर राहिलेला बर तेलाच्या दाबाने सुटला आणि या फटीत अडकला, तर स्पूल जाम होतो. बर जागेवर असेपर्यंत व्हॉल्व्ह चाचणीत उत्तीर्ण होतो आणि पुढे चालू यंत्रावर बंद पडतो. विद्युत मोटारच्या गाभ्यातील पत्र्यांवर बर असला, तर शेजारच्या पत्र्यांमधील विद्युतरोध भेदला जातो, भोवरा प्रवाह वाढतात आणि मोटार तापते.

(४) पृष्ठाची हानी : प्लेटिंगमध्ये विद्युतप्रवाह टोकावर एकवटतो, म्हणून बरवर लेप जाड बसतो आणि बरसह निखळतो. रंग मात्र पृष्ठताणामुळे तीक्ष्ण कडेवरून मागे सरकतो; तेथे थर पातळ राहतो व गंज तेथूनच धरतो.

(५) आयुष्याची हानी : बरच्या मुळाशी ताण एकवटतो आणि आवर्ती भारांखाली तडा तेथे सुरू होऊ शकतो.

यांपैकी पहिली, दुसरी व चौथी हानी बर दिसताच ओळखता येते. तिसरी व पाचवी उशिरा प्रकट होतात. म्हणून बर दिसतो किती, यापेक्षा तो कोणत्या कडेवर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

६. प्रतिबंध

बर हा आधाराच्या अभावातून येतो, हे सिद्ध झाल्यावर प्रतिबंधाचे मार्ग तीनच उरतात : आधार वाढवणे, वाकवणारे बल कमी करणे, आणि निर्गमकड निरुपद्रवी जागी नेणे.

पहिला मार्ग : आधार वाढवणे. कडेचा कोन जितका विशाल, तितका कडेमागे धातू अधिक. काटकोनी कडेवर ४५ अंशांचा चॅम्फर आधीच दिला, तर एका ९० अंशांच्या कडेऐवजी १३५ अंशांच्या दोन कडा होतात आणि त्यांवरचा बर लहान राहतो. यामुळे लेथवर फेसिंगपूर्वी चॅम्फर घेणे हितकारक असते. ड्रिलिंगमध्ये जॉबखाली घट्ट टेकवलेली बळीची पट्टी हेच कार्य करते; बर पट्टीला येतो, जॉबला नाही. मात्र पट्टी घट्ट टेकलेली असावी लागते. विमानाच्या बांधणीत एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांतून ड्रिल मारताना पत्र्यांमध्ये फट राहिली, तर मधल्या कडांवर बर येतो. तो काढण्यासाठी पत्रे पुन्हा सुटे करावे लागतात. पुरेसा दाब देऊन पत्रे एकजीव धरण्याच्या पद्धती याच श्रमाच्या निवारणासाठी योजल्या गेल्या.

दुसरा मार्ग : बल कमी करणे. तीक्ष्ण धार, धन रेक कोन, योग्य शीतक आणि निर्गमाजवळ कमी केलेला फीड ही त्याची साधने होत. धार हा या मार्गाचा गाभा आहे. धारेची झीज वाढत जाते तसा बर वाढतो. म्हणून इन्सर्ट बदलण्याचा निकष केवळ माप किंवा पृष्ठाची गुळगुळीत अवस्था असू नये, बरची उंची हाही असावा. प्रेसकामात पंच-डायमधील फट, म्हणजे क्लिअरन्स, याच मार्गात येतो. सौम्य पोलादाच्या पत्र्यासाठी तो एका बाजूस जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवतात. म्हणजे २ मिलिमीटर पत्र्यास ०.१ ते ०.२ मिलिमीटर. फट अति झाली तर धातू फटीत ओढला जातो आणि बर वाढतो. अति कमी झाली तर दुहेरी छेद होतो आणि डाय लवकर झिजते. प्रेसकामात बरची दिशाही निश्चित असते. छिद्र राखायचे असेल तर पत्र्यावरचा बर डायच्या बाजूस येतो. तुकडा राखायचा असेल तर तुकड्यावरचा बर पंचच्या बाजूस येतो. हे आधीच ठाऊक असल्यामुळे बरची बाजू जुळणीत आत, हाताला न लागणारी, ठेवता येते.

तिसरा मार्ग : निर्गमकड हलवणे. मिलिंगमध्ये कटरचा मार्ग असा आखावा की दात महत्त्वाच्या कडेतून धातूत शिरतील आणि बिनमहत्त्वाच्या कडेतून बाहेर पडतील. ऑपरेशनचा क्रमही याच हेतूने लावता येतो. आधी खाच आणि मग बाह्य व्यासाचा अंतिम हलका कट, असा क्रम असेल तर खाचेच्या कडेवरील बर पुढच्या ऑपरेशनमध्ये विनामूल्य निघतो. क्रम उलट असेल तर तो अंतिम पृष्ठावर राहतो. मात्र या युक्तीला एक मर्यादा आहे. दोन छिद्रे एकमेकांना छेदतात तेथे मुख्य बोअरमधून पुन्हा रीमर फिरवला, तर बर बहुधा निघत नाही. तो आडव्या छिद्रात ढकलला जातो. तेथे बर अदृश्य होतो, नाहीसा होत नाही.

तिन्ही मार्ग एकत्र योजले, तरी बर शून्य होत नाही; प्वासाँ बर राहतोच आणि तन्य धातूत वळलेला बरही अल्पांशाने राहतो. म्हणून प्रतिबंधाचे साध्य शून्य बर असे न मांडता, बर पातळ मुळाचा आणि साधन पोचेल अशा कडेवर असावा, असे मांडणे योग्य ठरेल. पुढील विभागाचा आधार हे साध्य आहे.

७. निष्कासन

निष्कासनाची प्रत्येक पद्धत बर आणि मूळ जॉब यांच्यातील कोणत्या ना कोणत्या भेदावर उभी असते. भेद तीन आहेत, म्हणून पद्धतींचे वर्गही तीन.

पहिला भेद : बर बाहेर आलेला व दुर्बल असतो. यावर यांत्रिक पद्धती आधारलेल्या आहेत. कानस, स्क्रेपर, फिरत्या पात्याची डीबरिंग सुरी, काउंटरसिंक ही हातसाधने कोणत्याही आकाराला चालतात. पण फळ हातावर अवलंबून असते आणि दोन हातांची कड सारखी येत नाही. शिवाय कानशीचा घाव ज्या बाजूला सुटतो तेथे दुय्यम बर उठतो, म्हणून शेवटचा घाव कडेला समांतर व हलका असावा लागतो. अपघर्षक तंतूंचे ब्रश व बेल्ट यंत्रांवर चालतात. दाब जास्त झाला तर ते बर कापण्याऐवजी छिद्रात दुमडतात. व्हायब्रेटरमध्ये सिरॅमिक किंवा प्लॅस्टिकच्या खड्यांसह शेकडो जॉब एकत्र घोळले जातात. एका जॉबमागचा खर्च त्यात कमी असतो, पण क्रिया सर्व कडांवर सारखीच होते. जी कड तीक्ष्ण राखायची तीही गोल होते. खडा छिद्रात अडकणार नाही असा आकार निवडणे ही तेथील पहिली अट. आतल्या मार्गांसाठी सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेली घट्ट पुट्टी दाबाने आरपार नेली जाते. सुटू पाहणारा बर काहीशे बारच्या पाण्याच्या झोताने तोडता येतो.

दुसरा भेद : बरचे पृष्ठफळ त्याच्या घनफळाच्या मानाने फार मोठे असते. म्हणून तो जॉबच्या आधी तापतो व जळतो. बंद कक्षात जॉब ठेवून ज्वलनशील वायू व ऑक्सिजन यांचे मिश्रण पेटवले की काही मिलिसेकंदांपुरते सुमारे ३००० अंश सेल्सिअसचे तापमान निर्माण होते. पातळ बर पेट घेतो. जॉबचे वस्तुमान मोठे असल्यामुळे उष्णता त्यात पसरते व त्याचे तापमान मर्यादित राहते. वायू सर्व छिद्रांत शिरत असल्यामुळे ही पद्धत अंतर्गत बरसाठी प्रभावी आहे. नंतर राहिलेली ऑक्साइडची पूड धुवून काढावी लागते. जॉबवर आटे किंवा पातळ पाकळ्या असतील तर त्याही बरप्रमाणेच धोक्यात येतात, कारण हा भेद त्यांनाही लागू आहे.

तिसरा भेद : टोकावर विद्युतप्रवाहाची घनता सर्वाधिक असते. जॉब धनाग्र, योग्य आकाराचे हत्यार ऋणाग्र आणि दोहोंमधील अल्प फटीतून वाहणारे सोडियम नायट्रेटसारख्या क्षाराचे द्रावण, अशी योजना केली की बर विरघळतो. स्पर्श नाही, दाब नाही, दुय्यम बरही नाही. आडव्या छिद्रांच्या मुखांसाठी, विशेषतः इंधन व हायड्रॉलिक भागांसाठी, ही पद्धत अनुरूप आहे. प्रत्येक जॉबसाठी वेगळे हत्यार लागते, द्रावणाची विल्हेवाट करावी लागते आणि जॉब लगेच धुवून गंजरोधक द्यावा लागतो. म्हणून ती मोठ्या संख्येलाच परवडते.

तिन्ही भेदांकडे एकत्र पाहिले तर एक समान अट दिसते. मूळ जाड झाले की बर दुर्बल राहत नाही, त्याचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने घटते आणि टोकही बोथट होते. तिन्ही वर्ग एकाच वेळी निष्प्रभ होतात. प्रतिबंधाचे साध्य मुळाच्या जाडीत का मांडले, याचे कारण हे आहे.

८. काल आणि तपासणी

निष्कासन केव्हा करावे याचे तीन नियम आहेत. (१) शेवटच्या कर्तनानंतर, कारण त्याआधी केले तर पुढचे ऑपरेशन नवा बर आणते. अपवाद असा की पुढच्या ऑपरेशनमध्ये बर टेकण्याच्या पृष्ठावर येत असेल, तर तो तेथेच काढावा. (२) कार्बुरायझिंगसारख्या कठिणीकरणापूर्वी, कारण पातळ बर आरपार कठीण व ठिसूळ होतो आणि तुटताना कडेचा टवका नेतो. (३) प्लेटिंग व रंगापूर्वी.

तपासणी कडेच्या महत्त्वानुसार असावी. उघड्या कडेवर नख किंवा कापसाचा बोळा पुरेसा. कापसाचा तंतू अडकला तर बर आहे. मापनीय निर्णयासाठी दहापट भिंग किंवा प्रोफाइल मोजणारे उपकरण लागते. अंतर्गत मुखांसाठी बोरस्कोप आवश्यक आहे. वाहनउद्योगात जॉब धुतलेला द्रव गाळून गाळणीवरील कणांचे आकार व वजन मोजतात. आयएसओ १६२३२ हे मानक याच विषयाचे आहे. या मोजणीतून बर राहिला की नाही, यासोबत तो सुटण्याच्या बेतात होता की नाही, हेही कळते.

९. निष्कर्ष

पहिल्या विभागातील अनुमान आता पूर्ण करता येते. कडेचा आकार मागितलेला नसेल, तर बर किती याला अर्थ नाही. आणि बर कोठे, किती जाड हे ठरवलेले नसेल, तर निष्कासनाची कोणतीही पद्धत खात्रीने निवडता येत नाही. आजही अनेक रेखनांवर ‘सर्व बर काढा, तीक्ष्ण कडा मोडा’ एवढीच सूचना असते. तिच्यात माप नाही, कड नाही, कारण नाही. ती निर्णय करत नाही. निर्णय ओळीच्या शेवटी कानस घेऊन बसलेल्या माणसावर ढकलते, ज्याच्या हातात क्रम, हत्यार, क्लिअरन्स यांपैकी काहीच नसते.

याला पर्याय उपलब्ध आहे. आयएसओ १३७१५ या मानकात कडेसाठी चिन्ह आहे : धन चिन्ह म्हणजे अधिक धातू चालेल, ऋण चिन्ह म्हणजे धातू काढलेला हवा, आणि पुढे मिलिमीटरमध्ये मर्यादा. बाह्य कडेवर −०.३ लिहिले की ०.३ मिलिमीटरपर्यंत कड मोडलेली चालेल आणि बर मुळीच चालणार नाही, हे कामगार, तपासनीस व ग्राहक तिघांनाही एकच कळते.

रेखन करणाऱ्याने प्रत्येक जॉबवरील ज्या दोन-तीन कडा कार्याला आवश्यक आहेत त्या निवडाव्यात व त्यांना हे चिन्ह द्यावे. नियोजकाने निर्गमकडा त्या कडांपासून दूर न्याव्यात. इतके झाल्यावर जो बर उरेल, तो काढण्याची पद्धत जवळजवळ आपोआप ठरते. कड धातूवर कापली जाण्यापूर्वी ती कागदावर ठरली पाहिजे. बर काढण्याचे काम तेथे सुरू होते.